सूर्योदयाची हजेरी

छापखान्यात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे त्यात रुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकतीस वर्षं प्रुफं तपासून त्यांच्या नजरेला अशी खोड लागली होती, की औषधाची बाटली, दुकानाची पाटी, बसचं तिकीट, काहीही वाचताना उजवा हात आपोआप लाल पेन शोधू लागे. एकदा तर डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर त्यांनी दोन दुरुस्त्या करून ती परत टेबलावर ठेवली होती. डॉक्टर भला माणूस. त्याने मुकाट्याने नवी चिठ्ठी लिहून दिली आणि पुढच्या वेळेपासून त्यांच्यापुरतं तरी सुवाच्य अक्षर काढू लागला.

त्यांचं टेबल कागदाच्या गोदामाचं दार आणि हात धुण्याचं बेसिन यांच्या मधे होतं. म्हणजे जो तो तिथून जाणार, कुणी रीम खांद्यावर घेऊन तर कुणी शाईचे हात घेऊन. टेबलावर ओळीखाली धरायची एक लोखंडी पट्टी, तीन लाल पेनं, आणि एक चौथं, शाई संपलेलं, जे टाकून द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. मशीन सुरू झालं की टेबल बारीक थरथरे आणि पट्टी स्वतःहून पुढच्या ओळीवर सरके. ती मागे ओढायची सवय त्यांच्या हाताला इतकी होती, की सुटीच्या दिवशी घरी वर्तमानपत्र वाचतानाही त्या मधूनच काहीतरी मागे ओढत.

अशा या बाईंनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली ती नोकरीच्या पहिल्याच वर्षी. आणि केली तीही दुरुस्ती म्हणून.

झालं असं की छापखान्याचं दर वर्षीचं पंचांग त्यांच्या टेबलावर आलं. तोवर त्यांनी शाळेची पुस्तकं तपासली होती, पावत्या तपासल्या होत्या, पंचांगाचं पान कधी डोळ्यांखालून गेलं नव्हतं. रोज एक ओळ, ओळीत तारीख, वार, तिथी, ती किती वाजेपर्यंत, सूर्य कधी उगवतो नि मावळतो. बाई पट्टी लावून वाचत गेल्या. अष्टमी, नवमी, दशमी, दशमी. थांबल्या. लागोपाठ दोन दिवस दशमी? खिळे जुळवता जुळवता जुळाऱ्याला डुलकी लागलेली दिसते, असं म्हणून त्यांनी दुसरी दशमी खोडली, तिथे एकादशी लिहिली आणि खालच्या सगळ्या तिथ्या एकेक घर वर सरकवत नेल्या. पुढच्या पानावर मूळच्या रांगेत तृतीयेनंतर एकदम पंचमी होती. चतुर्थी गायब. बाईंनी ती बसवली आणि काय आश्चर्य, वर सरकवलेली रांग बरोबर जागेवर येऊन मिळाली. एक जास्तीची निघाली होती, एक हरवलेली सापडली होती. त्या दिवशी घरी जाताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

छपाई झाली, आणि तिसऱ्या दिवशी मास्तर आले.

मास्तर शाळेत गणित शिकवत आणि पंचांगाचं सारं गणित स्वतःच्या हाताने करत. उंच, जरासे पुढे झुकलेले, आणि आवाज असा, की मागच्या बाकावरच्यालाही झोप लागू नये. छापलेलं पान त्यांनी बाईंच्या टेबलावर अलगद ठेवलं. मालक मागेच उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच बाईंना कळलं, की आपली नोकरी आता दाराबाहेर उभी आहे.

"बाई, तुम्ही चंद्राला शिस्त लावलीत," मास्तर म्हणाले. "आजवर कुणाला जमलं नव्हतं."

बाईंना रडू येत होतं, पण ते दिसू न देण्याइतका ताठाही होता. "दोन दशम्या होत्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चूक आहे."

"दोन होत्या, कारण दोनच होत्या." मास्तरांनी खुर्ची ओढली. "हे बघा. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपली. पण चंद्र काही पगारी नोकर नाही. कधी बारा अंश वीस तासांत उरकतो, कधी सव्वीस तास रेंगाळतो. आणि आपला दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य उगवला की बदलतो. आता सूर्योदय म्हणजे शाळेची हजेरी असं समजा. हजेरीच्या वेळी जी तिथी वर्गात असेल, तिचं नाव त्या दिवसाला. एखादी तिथी आजच्या हजेरीला होती, रेंगाळत रेंगाळत उद्याच्याही हजेरीला राहिली, की तिचं नाव दोनदा लागलं. तीच तुमची दुसरी दशमी."

"आणि चतुर्थी?"

"ती हजेरी झाल्यावर आली आणि दुसऱ्या हजेरीच्या आधी निघून गेली. वर्गात होती, सगळा वेळ होती. फक्त नाव लागलं नाही. तिला आम्ही क्षय म्हणतो."

वर्गात होती, फक्त नाव लागलं नाही, हे बाईंना का कोण जाणे लगेच पटलं.

मालकांना चंद्राचं काही सोयरसुतक नव्हतं. सोळा पानांचा सगळा फर्मा परत छापावा लागणार होता आणि कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. "यांना मी उद्यापासून..." त्यांनी सुरुवात केली.

"बाईंना राहू द्या," मास्तर म्हणाले. "ज्यांना दोन दशम्या खटकल्या त्यांना एक दिवस माझी चूकही खटकेल. फक्त एक वचन द्यायचं. पंचांगाच्या पानावर मला विचारल्याशिवाय टिंबसुद्धा हलवायचं नाही."

बाईंनी दिलं.

"आणि मास्तर, तुमचंच गणित चुकलं तर?" मालक कुचकटपणे म्हणाले.

"ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी लेखणी खाली ठेवीन," मास्तर म्हणाले आणि उठले. एकाच टेबलावर, पाच मिनिटांच्या आत, दोन वचनं झाली. जुळारी ऐकत होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ती छापखानाभर झाली.

त्यानंतर दर वर्षी मास्तर हस्तलिखित घेऊन टेबलाशी येऊन बसत. ते मोठ्याने वाचत, बाई प्रुफावर पट्टी सरकवत. वाचता वाचता मास्तरांना शिकवल्याशिवाय राहवत नसे आणि बाईंना विचारल्याशिवाय. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशी पाच अंगं म्हणून पंचांग. करण म्हणजे अर्धी तिथी. चांद्रवर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं, म्हणून तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा धरून दोघांची गाठ घालून द्यायची. हळूहळू बाई सारण्यांच्या वहीत डोकावू लागल्या, मग मास्तर चहाला उठले की त्यांची बेरीज पुढे ओढू लागल्या. मास्तर परत आले की बेरीज तपासत, काही न बोलता पुढचा आकडा मांडत, आणि हे न बोलणं हीच त्यांची शाबासकी असे.

घरी या सगळ्याचा पुरेपूर उपयोग झाला. बाईंचा नवरा बेकरीत भट्टीवर होता. तो दिवस उजाडण्याआधी कामावरून येई, गरम पाव टेबलावर ठेवी आणि म्हणे, "आजचे आहेत." बाई म्हणत, "अजून सूर्य उगवला नाही, कालचेच." या वादावर त्यांच्या संसाराची बरीच वर्षं मजेत गेली. एका वर्षी तर बाईंची जन्मतिथीच क्षय निघाली. "यंदा माझा वाढदिवस झालाच नाही," त्यांनी नवऱ्याला पंचांग दाखवून सांगितलं. "तेव्हा वयही वाढलं नाही. कुणी विचारलं तर एक कमी सांगायचं." तो बिचारा अजून एक कमीच सांगतो.

मुहूर्त विचारायला लोक मास्तरांना छापखान्यात गाठत. घर बदलायचंय, दुकान उघडायचंय, एकाला तर दाढ काढायची होती. मास्तर कुणाला झिडकारत नसत. दिनमानाचे आठ भाग पाडून त्यातला राहुकाळाचा भाग वाराप्रमाणे कसा बदलतो ते समजावत, तो टाळून वेळ काढून देत, आणि शेवटी म्हणत, "वेळ मी सांगितली. ती चांगली करायचं काम तुमचं." मालकांनी नवं मशीन घेतलं तेव्हा मिनिटाचा मुहूर्त काढून घेतला. सगळे जमले, मालकांनी घड्याळाकडे बघत बटण दाबलं आणि त्याच क्षणी गल्लीतली वीज गेली. अर्धा तास अंधारात उभं राहिल्यावर मालक चिडून म्हणाले, "मास्तर, हा कसला मुहूर्त?"

"तुम्ही मशीनचा विचारला होता," मास्तर म्हणाले. "विजेचा कुठे विचारलात?"

वर्षं अशी गेली. खिळे जाऊन संगणक आला, जुळारी निवृत्त झाला, मालकांचे केस गेले. मास्तरांचं गणित मात्र हातानेच चालू राहिलं. दर वर्षी शेवटचं प्रूफ घेऊन बाई त्यांच्या घरी जात आणि दर वर्षी तेच दोन प्रश्न होत. "बाई, छापखान्याच्या चुका किती?" बाई कधी अकरा सांगत, कधी चार. "आणि माझ्या?" "एकही नाही," बाई म्हणत. मग मास्तर चष्मा काढून पुसत आणि सुनेला चहा टाकायला सांगत. पुसलेला चष्मा आणि तो चहा, एवढ्यासाठी भिंगबाई वर्षभर डोळ्यांत तेल घालत असत.

यंदा मास्तरांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, म्हणून हस्तलिखित सुनेने आणून दिलं आणि बाईंना ते एकटीनेच वाचावं लागलं. एका डोळ्याने हस्तलिखित, एका डोळ्याने प्रूफ. मधेच त्यांना सवयीने मास्तरांचा आवाज ऐकू यावासा वाटे, आणि त्याऐवजी बेसिनचा नळ गळे.

कार्तिकाचा पहिला पंधरवडा वाचून झाला. बाईंनी पान उलटलं. वद्य पक्ष, पहिली ओळ, सूर्योदय सहा नऊ. पुढची ओळ सहा नऊ, मग सहा दहा. बाईंनी पट्टी मागे ओढली. मागच्या पानावरची शेवटची ओळ पाहिली. सूर्योदय सहा सोळा.

काल सहा सोळाला उगवलेला सूर्य आज सहा नऊला उगवत होता. थंडीच्या तोंडावर सूर्य रोज अर्ध्या-पाऊण मिनिटाने उशिरा उगवायचा, आणि हा एका रात्रीत सात मिनिटं लवकर उठला होता. बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. पंधराच्या पंधरा आकडे तेच. मास्तरांनी पहिल्या पंधरवड्याचा सूर्योदय दुसऱ्यातही उतरवला होता. आणि ही चूक डीटीपीची नव्हती. हस्तलिखितात, त्या ओळखीच्या ठसठशीत अक्षरात, तशीच होती.

मास्तर सूर्योदय एकदा मांडून मग त्यावरच तिथ्यांची हजेरी घेत, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी एकेक ओळ तपासली. सगळीकडे निभावलं होतं, कारण तिथी संपण्याची वेळ सूर्योदयापासून लांब होती. पण एका जागी निभावलं नव्हतं. अष्टमी त्या पानावर दोनदा होती, आणि दुसऱ्या अष्टमीपुढे लिहिलं होतं, सहा वाजून अठरा मिनिटांपर्यंत. मास्तरांनी त्या दिवशीचा सूर्योदय धरला होता सहा तेरा. त्या हिशेबाने अष्टमी हजेरीला होती. खरा सूर्योदय होता सहा एकवीस. म्हणजे हजेरी सुरू व्हायच्या तीन मिनिटं आधीच अष्टमी वर्गातून निघून गेली होती आणि नवमी येऊन बसली होती. नवमी संपत होती दुसऱ्या दिवशी सात वीसला. तेव्हा दोनदा यायची ती नवमी, अष्टमी नव्हे.

एका ओळीची गोष्ट. लाल पेनाच्या चार फटकाऱ्यांची. पण कुठल्याशा घरात कुणीतरी त्या नवमीला जन्मलेलं असणार आणि त्याची आई पंचांग उघडून बोट ठेवणार. ते बोट चुकीच्या दिवशी ठेवू देणं बाईंना शक्य नव्हतं. पेन उघडलं, आणि तसंच बंद केलं. न विचारता टिंबही हलवायचं नव्हतं. आणि विचारायला जायचं, तर मास्तरांनी लेखणी खाली ठेवायची होती.

त्या रात्री बाईंना घास गेला नाही. सकाळी नवरा पाव घेऊन आला, तेव्हा त्या टेबलाशीच बसलेल्या होत्या आणि पाव आजचे की कालचे यावर एक शब्द बोलल्या नाहीत. मग त्यानेच विचारलं आणि बाईंनी सगळं सांगितलं.

"दुरुस्त करून टाक नि गप्प बस," तो म्हणाला. "कुणाला कळतंय? पावाची कड जळली की आम्ही कापतो आणि विकतो."

"पाव म्हणून?"

"टोस्ट म्हणून."

बाईंना हसू आलं, पण पुरतं आलं नाही. "त्यांना कळलं तर?"

"आणि सांगितलंस तर ते बसणार घरात खुर्चीत, भिंतीकडे बघत. माझ्या वडिलांनी भट्टी सोडली, तेव्हा काय झालं ते पाहिलंयस तू." हे बोलून तो हात धुवायला गेला, कारण ते आठवलं की त्याला हात धुवावेसे वाटत.

बाईंनी पाहिलं होतं. म्हणून तर जीव इतका खालीवर होत होता.

दुपारी त्या प्रूफ घेऊन निघाल्या. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि प्रत्येक मजल्यावर बाईंनी ठरवलेलं बदललं. पहिल्यावर सांगायचं ठरलं, दुसऱ्यावर सांगायचं नाही असं ठरलं, तिसऱ्यावर पुन्हा सांगायचं. दार सुनेने उघडलं. ती शिवणकाम करणारी, गळ्यात मापाची फीत तशीच.

"बरं झालं आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळपासून खिडकीत बसलेत, बाईंचा दिवस आहे म्हणून. हल्ली जरा विसरतात हो. सकाळची गोळी परवा दोनदा घेतली. पण पंचांगाचं काम असलं की बघा, आंघोळ करून टेबलाशी हजर. ते आहे म्हणून बाबा उठतात."

बाईंचं तिसऱ्या मजल्यावरचं ठरवणंही कोलमडलं.

मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. सारण्यांची वही, तिच्या पाठीला कापडाची चिकटपट्टी, काळं शाईपेन, आणि एक मोठं भिंग, जे बाईंनी यापूर्वी तिथे पाहिलं नव्हतं.

"या बाई. छापखान्याच्या चुका किती?"

"सात," बाई म्हणाल्या.

"आणि माझ्या?"

इतकी वर्षं जे उत्तर आपणहून तोंडातून निघालं होतं ते निघेना. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं, तेही थांबलं.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं, मग हात पुढे केला. "आणा," ते म्हणाले.

बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि दोन रांगांवर दोन बोटं ठेवली. मास्तरांनी भिंग उचललं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, परत वरपासून पाहिलं. मग वही काढून अष्टमीचं गणित पुन्हा मांडलं. वीस मिनिटं लागली. पूर्वी चार लागली असती. सून दारात फीत बोटाला गुंडाळत उभी होती.

"नवमी दोन," शेवटी मास्तर म्हणाले. "बरोबर आहे तुमचं." मग भिंग खाली ठेवत, "हे तुम्हाला टेबलावरच दुरुस्त करता आलं असतं. मला पत्ताही लागला नसता."

"वचन दिलं होतं."

"हं. मीही दिलं होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते वहीच्या कडेला, सरळ रेषेत, खाली ठेवलं.

सुनेने पदराने डोळे टिपले. बाईंना वाटलं, आपण चांगुलपणाच्या नावाखाली एका म्हाताऱ्या माणसाचा दिवा विझवला. "मास्तर, एका रांगेची चूक ती," त्या घाईने म्हणाल्या. "सत्तेचाळीस पंचांगांत एक. कुणीही..."

"बाई," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता, समोरच्या खुर्चीपुरताच होता. "वर्षभर मला भीती वाटते आहे. चुकण्याची नाही हो. चुकतोय हे मला कळतं. गोळी दोनदा घेतो, चष्मा डोक्यावर ठेवून शोधतो. भीती ही वाटायची की पंचांगात चुकीन आणि कुणाच्या लक्षातच येणार नाही. छापून घरोघर जाईल, आणि लोक माझ्यावर भरवसा ठेवून चुकीचा दिवस पाळतील. आज तुमच्या तोंडून 'एकही नाही' निघालं नाही ना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

बाईंनी प्रुफाची कड सरळ केली, ती सरळच होती.

"आता हे पान पुरं करा," मास्तर म्हणाले.

"मी?"

"लेखणी खाली ठेवीन म्हणालो होतो. कुणी उचलायची नाही, असं कुठे म्हणालो?"

"अहो, मी शाळेत गणितात काठावर पास झालेली बाई. तेसुद्धा परीक्षकाने दया केली म्हणून."

"मी चहाला उठलो की माझ्या बेरजा कोण ओढत होतं? वीस वर्षं मुद्दाम सावकाश चहा पितोय मी. थंड चहा किती घशाखाली घातला त्याची तुम्हाला कल्पना नाही."

सून दारातच हसली. बाईंनी काळं पेन उचललं. ते लाल पेनांपेक्षा जड होतं. त्यांनी पान समोर ओढलं आणि विचारलं, "मास्तर, दुसरी अष्टमी काढू?"

"काढा."

"नवमी लिहू?"

"लिहा."

"सूर्योदयाची रांग नवी मांडू? पंधराही?"

"मांडा. आणि प्रत्येक आकड्याला विचारू नका, नाहीतर खरोखरचा सूर्य उगवेल."

पुढच्या वर्षीच्या पंचांगाचं काम त्याच टेबलावर सुरू झालं. बाई सुटीच्या दिवशी जात, सारण्या उघडत, गणित मांडत, आणि मास्तर भिंग घेऊन तपासत. पहिल्याच पानावर त्यांना बाईंच्या तीन चुका सापडल्या आणि ते इतके खूश झाले की सुनेला हाक मारून दाखवल्या. चौथी सापडली, तेव्हा शेजारच्यांनाही दाखवणार होते, बाईंनी अडवलं. आता ते सकाळी सूर्योदयाच्या आधी उठून बसतात, असं सून सांगे. बाईंनी मांडलेला सूर्य वेळेवर येतो की नाही ते बघायला. ढग असले तर दिवसभर चुकचुकत बसत.

नवरा म्हणाला, "त्यांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम चुकतेस ना?"

"मुद्दाम चुकायला आधी बरोबर यावं लागतं," बाई म्हणाल्या. "मी खरंच चुकते." आणि हे सांगताना त्यांना मुळीच वाईट वाटत नव्हतं. चुकलेलं पकडणारं कुणीतरी समोर बसलेलं असणं, हे सुख एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना दिलं होतं. ते घेऊन कसं वाटतं ते त्यांना आता कळत होतं.

शेवटी आवरणाचं प्रूफ आलं. हे पान तपासण्यासारखं काही नसे. दर वर्षी तेच, वर पंचांगाचं नाव, खाली 'गणितकर्ते' आणि मास्तरांचं नाव. प्रूफ तपासणाऱ्याचं नाव पंचांगावर छापायची पद्धत नव्हती, कुठल्याच पुस्तकावर नव्हती. बाईंनी ते पान मास्तरांकडे निव्वळ रीत म्हणून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सुनेने परत आणून दिलं.

बाईंनी टेबलावर पान उलगडलं. मास्तरांनी कुठूनतरी लाल पेन मिळवलं होतं. 'गणितकर्ते' खोडून 'गणित' केलं होतं. त्याखालचं स्वतःचं नाव एका सरळ रेघेने काढलं होतं, शेवटी वेटोळं, अगदी छापखान्यात करतात तशी खूण. त्या जागी बाईंचं नाव होतं. भिंगबाई नव्हे, पूर्ण नाव, जे पगाराच्या पाकिटाशिवाय कुठे लिहिलं जात नसे. आणि सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरात, 'प्रूफ तपासणारे', आणि तिथे मास्तर स्वतः जाऊन बसले होते.

बाईंनी छापखान्याचा फोन उचलला. मशीन चालू होतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. "मास्तर, हे काय? पंचांगाच्या पानावर, मला न विचारता?"

पलीकडून आवाज आला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "वचन तुम्ही दिलं होतंत बाई. मी नव्हतं दिलं."

"पण मास्तर..."

"इतकी वर्षं वर्गात आहात," मास्तर म्हणाले. "हजेरी नको लागायला?"

बाईंनी फोन ठेवला. मशीनच्या थरथरीने पट्टी पुढे सरकली होती आणि आपल्याच नावाखाली जाऊन थांबली होती. सवयीने हात गेला, पण या वेळी बाईंनी ती मागे ओढली नाही.